रोबोचं घोडं टॉवेलपाशी का अडलं?

२०१० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या प्रयोगशाळेत एका रोबोने टॉवेलच्या घड्या घातल्या. समोर आधी कधी न पाहिलेल्या टॉवेलांचा ढीग. त्यातला एक उचलायचा, कोपरे शोधायचे, घडी घालायची, चळतीवर ठेवायचा आणि पुढचा घ्यायचा. काम इतकंच. एका टॉवेलला सरासरी चोवीस-पंचवीस मिनिटं लागत होती. व्हिडिओ पन्नासपट वेगाने पळवून दाखवायची वेळ आली, आणि तरीही या क्षेत्रातली माणसं त्याच्यावर बेहद्द खूश होती.

बाहेरच्या माणसाला याचं हसू येणं साहजिक आहे. डीप ब्लू या संगणकाने १९९७ मध्येच जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवलं होतं. मोटारींच्या कारखान्यांत तर रोबो कित्येक वर्षं ठिणग्या उडवत, न थकता वेल्डिंग करत होते. मग घोडं टॉवेलपाशीच का अडावं?

कारण टॉवेलला ठरलेला आकारच नसतो. टेबलावरचं खोकं कुठे आहे हे सांगायला सहा आकडे पुरतात: तीन जागेचे आणि तीन ते कुठल्या बाजूला किती वळलंय याचे. टॉवेल कुठे दुमडलाय, कुठे चुरगळलाय, कुठला कोपरा कशाखाली दडलाय हे सांगायचं तर आकडे कितीही घेतले तरी कमीच पडतात. बर्कलीचा रोबो टॉवेल हवेत धरून फिरवायचा, निरनिराळ्या बाजूंनी फोटो काढायचा आणि लोंबणाऱ्या कापडात कोपरा कुठे असेल याचा अंदाज बांधायचा. वेळ जायचा तो यातच.

डोळे मिटून केलेली कामं

पहिला औद्योगिक रोबो 'युनिमेट' १९६१ मध्ये न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात रुजू झाला. कल्पना जॉर्ज डेव्हॉल यांची, ती धंद्यात उतरवली जोसेफ एंगलबर्गर यांनी. साच्यातून निघालेले धातूचे तापलेले भाग उचलून बाजूला ठेवायचे, हे त्याचं काम. हात कुठून कुठे न्यायचा ते एकदा शिकवलं की तो तेच करत राहायचा. त्याला दिसत काहीच नव्हतं. भाग दर वेळी त्याच जागी येत होता म्हणून भागत होतं. चार बोटं इकडे-तिकडे सरकला असता तरी पठ्ठ्याने रिकामी हवा पकडली असती.

आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या मोजणीप्रमाणे २०२३ च्या अखेरीस जगभरच्या कारखान्यांत सुमारे ४३ लाख रोबो काम करत होते, आणि त्या वर्षी नव्याने बसवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये. यातल्या फार मोठ्या हिश्श्याची रीत आजही युनिमेटचीच आहे. वस्तू अचूक खाचेत येते, उजेड ठरलेला असतो, माणूस कुंपणाबाहेर असतो. हुशारी रोबोत कमी आणि त्याच्या भोवतीची मांडणी करणाऱ्या अभियंत्यात जास्त. म्हणून रोबोची प्रगती मोजताना मी एकच प्रश्न विचारतो: याच्यासाठी जग किती आवरून ठेवावं लागलं? जितकं कमी आवरावं लागलं, तितका रोबो पुढे गेलेला. उड्या, नाच, कसरती या सगळ्यांपेक्षा ही मोजपट्टी खरी.

गोदामांचं उदाहरण घ्या. ॲमेझॉनने २०१२ मध्ये किवा सिस्टिम्स ही कंपनी साडेसत्त्याहत्तर कोटी डॉलरना विकत घेतली. तिचे बुटके, चौकोनी रोबो सामानाच्या रॅकखाली शिरतात, अख्खा रॅक उचलतात आणि माणसापुढे आणून उभा करतात. पूर्वी माणूस सामानाकडे चालत जायचा, आता सामान माणसाकडे येतं. २०२५ च्या मध्यापर्यंत या कंपनीच्या गोदामांत सगळ्या प्रकारचे मिळून दहा लाख रोबो झाले होते. पण नीट पाहा, रोबोने उचललं ते चालायचं काम, आणि तेही जमिनीवर खुणा चिकटवलेल्या, माणसांना मज्जाव असलेल्या जागेत. रॅकच्या खणात हात घालून दहा वस्तूंमधून नेमकी एक काढणं बहुतांशी माणसाकडेच राहिलं. स्पर्श ओळखणारा 'व्हल्कन' नावाचा हात त्या कामासाठी पुढे आला तो थेट २०२५ मध्ये.

आपल्याला अवघड वाटणारं यंत्राला सोपं आणि आपण विचारही न करता करतो ते यंत्राला महाकठीण, हे रोबोतज्ज्ञ हान्स मोराव्हेक यांनी १९८८ मध्येच लिहून ठेवलंय. गणित आणि बुद्धिबळ माणसाने कालपरवा शिकलेल्या गोष्टी. पाहणं, धरणं, तोल सांभाळणं याच्यामागे कोट्यवधी वर्षांची उत्क्रांती आहे. एका तळहाताच्या त्वचेत स्पर्श टिपणारे सुमारे सतरा हजार मज्जातंतू असतात. पेला हातातून निसटतोय हे आपल्याला कळायच्या आत बोटांची पकड घट्ट झालेली असते.

ताठ सांधे सैल झाले

बातम्यांमध्ये सगळं श्रेय कृत्रिम बुद्धिमत्तेला मिळतं. मला वाटतं मोटरवर थोडा अन्याय होतो.

विजेची मोटर वेगाने फिरते, पण तिचा जोर कमी. म्हणून जुन्या रोबोंच्या सांध्यात गिअर घालून वेग शंभरपट उतरवायचा आणि जोर वाढवायचा अशी पद्धत होती. त्याने हात भक्कम आणि अचूक होतो, पण मुका होतो. बाहेरून त्याला कोणी ढकललं तर तो धक्का एवढ्या गिअरांतून मोटरपर्यंत पोहोचतच नाही. भिंत लागली तरी हात दाबतच राहतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सांगबे किम यांच्या गटाने उलटी वाट धरली: मोटर रुंद घ्यायची, गिअर अगदी कमी ठेवायचे. आता पाय जमिनीवर आपटला की तो धक्का मोटरच्या वीजप्रवाहात लगेच दिसतो, आणि किती जोर लागतोय हे वेगळा सेन्सर न लावता समजतं. त्यांच्या सुमारे नऊ किलो वजनाच्या, चार पायांच्या 'मिनी चीता'ने २०१९ मध्ये मागच्या मागे कोलांटी मारून दाखवली. आज चार पायांचे रोबो इतके स्वस्त आणि इतके मुबलक झालेत, त्यात अशा मोटरींचा वाटा मोठा आहे. बोस्टन डायनॅमिक्स या कंपनीनेही तेलाच्या दाबावर चालणारा, माणसासारखा दोन पायांचा आपला प्रसिद्ध रोबो 'ॲटलस' एप्रिल २०२४ मध्ये निवृत्त केला आणि लगोलग विजेवर चालणारा नवा ॲटलस पुढे आणला.

बोटांच्या टोकाला स्पर्श द्यायचा एक झकास मार्गही एमआयटीतूनच आला. एडवर्ड ॲडल्सन यांच्या 'जेलसाइट'मध्ये बोटाच्या टोकाला पारदर्शक, मऊ जेलची गादी असते. तिच्या बाहेरच्या बाजूला रंगाचा पातळ थर, आत रंगीत दिवे आणि एक छोटा कॅमेरा. वस्तू टेकली की जेल दबतं आणि थरावर तिचा ठसा उमटतो. कॅमेरा तो ठसा आतून पाहतो. नाण्यावरची अक्षरंसुद्धा त्यात उठून दिसतात. स्पर्शाचा प्रश्न नजरेवर ढकलून दिला, कारण चित्र वाचायची विद्या संगणकाला एव्हाना चांगली अवगत झाली होती.

पडायला मोकळं मैदान

चालणं शिकायचं तर पडावं लागतं, आणि महागडा रोबो हजारदा पडू देणं कोणाला परवडणार? म्हणून पडायचं ते संगणकातल्या खोट्या जगात. त्या जगात गुरुत्वाकर्षण असतं, घर्षण असतं, चढउतार असतात. रोबोला चालायचं कसं हे कोणी सांगत नाही; पुढे गेलास तर गुण, पडलास तर उणे, एवढाच नियम. सुरुवातीला तो नुसता तडफडतो. हळूहळू ज्या हालचालींना गुण मिळतात त्या टिकतात, बाकीच्या गळून पडतात.

झुरिकच्या ईटीएच या संस्थेतल्या आणि एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये एकाच ग्राफिक्स चिपवर 'ॲनिमल' या चारपायी रोबोच्या चार हजारांहून जास्त प्रती एकाच वेळी चालायला सोडल्या. सपाट जमिनीवरचं चालणं चार मिनिटांच्या आत जमलं, खडबडीत जागेवरचं वीस मिनिटांत. हे सॉफ्टवेअर मग खऱ्या रोबोत घातलं आणि तो चालला.

पण खोटं जग खऱ्यासारखं हुबेहूब कधीच नसतं. तिथे जमलेलं इथे फसतं. यावरचा तोडगा वरकरणी विचित्र आहे: खोटं जग अचूक करायच्या मागे न लागता ते मुद्दाम बिघडवायचं. कधी जमीन निसरडी, कधी पाठीवर जादा वजन, कधी एखादी मोटर जराशी सुस्त. इतक्या तऱ्हांच्या जगांत टिकलेल्या रोबोला खरं जग म्हणजे आणखी एक तऱ्हा. ओपनएआयच्या यांत्रिक हाताने २०१९ मध्ये एका हाताने रुबिक क्यूब सोडवला तो याच पद्धतीच्या सरावावर.

यातला मला सर्वांत आवडलेला भाग २०२२ चा आहे. रोबो लेझर आणि कॅमेऱ्याने पुढची जमीन पाहतो, पण ही नजर फसवते. उंच गवत त्याला भिंतीसारखं दिसतं, भुसभुशीत बर्फ पक्क्या जमिनीसारखा. झुरिकच्या गटाने ॲनिमलला असं शिकवलं की डोळ्याला दिसलेलं आणि पायाला लागलेलं यांचा मेळ बसला नाही तर पायाचं ऐकायचं. गवतातून जाताना पायाला काही अडत नाही हे कळलं की तो दिसणाऱ्या 'भिंती'कडे दुर्लक्ष करून सरळ चालू लागतो. झुरिकजवळच्या एट्झेल टेकडीची वाट तो ३१ मिनिटांत चढून गेला. पायी फिरणाऱ्यांसाठी त्या वाटेचा अंदाज ३५ मिनिटांचा आहे.

हाताला शिकवायचं कसं?

चालण्याचा प्रश्न बराचसा सुटला म्हणायला हरकत नाही. हाताचा प्रश्न वेगळा आहे. टॉवेल, वायर, पिशवी, फळ यांचं वागणं संगणकात नीट उतरवणं फार कठीण, त्यामुळे खोट्या जगातला सराव इथे तोकडा पडतो. चॅटजीपीटीसारख्या भाषेच्या मॉडेलना शिकायला इंटरनेटभर मजकूर आयता मिळाला. हाताच्या हालचालींची, जोराची, पकडीची अशी कुठलीच भलीमोठी साठवण नव्हती, आणि पोहायचं पुस्तक वाचून कोणी तरंगत नाही.

मग माणसांनीच रोबोचा हात धरून त्याला शिकवायला घेतलं. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या आणि इतर संशोधकांनी 'अलोहा' नावाची मांडणी केली. दोन हात माणसाच्या ताब्यात, दुसरे दोन त्यांची तंतोतंत नक्कल करणारे. माणूस काम करून दाखवतो, कॅमेरे आणि सांधे सगळं नोंदवतात. अशी जेमतेम दहा मिनिटांची शिकवणी मिळाल्यावर तो रोबो खाचेत बॅटरी बसवण्यासारखी नाजूक कामं दहापैकी आठ-नऊ वेळा स्वतःहून करू लागला.

इतक्या थोडक्यात हे कसं साधलं? नुसत्या नकलेत एक खोट असते. प्रत्येक क्षणी फक्त पुढच्या क्षणाची हालचाल ठरवायची, तर पहिल्या पावलाची केसभर चूक दुसऱ्यात मिसळते, दुसऱ्याची तिसऱ्यात, आणि थोड्याच वेळात रोबो अशा ठिकाणी पोहोचतो जे त्याला कोणी कधी दाखवलंच नव्हतं. तिथून तो भरकटतो. अलोहामध्ये रोबो एकेक हालचाल न ठरवता पुढच्या अनेक हालचालींचा अख्खा तुकडा एकदम ठरवतो. निर्णयाचे प्रसंगच कमी झाले, की चूक साचायला वावही कमी.

दुसरीकडे गूगल डीपमाइंडने जुलै २०२३ मध्ये आरटी-२ हे मॉडेल दाखवलं. इंटरनेटवरची चित्रं आणि मजकूर यांवर शिकलेलं मॉडेल घेऊन त्यालाच रोबोच्या हालचालीही शिकवायच्या, ही त्यामागची कल्पना. टेबलावर काही खेळणी ठेवून 'नामशेष झालेला प्राणी उचल' म्हटलं, तर त्याने डायनासोर उचलला. डायनासोर नामशेष झाले हे त्याला रोबोच्या शिकवणीत कोणी सांगितलं नव्हतं. ते ज्ञान इंटरनेटवरून आलं आणि हातापर्यंत पोहोचलं. त्याच वर्षी अनेक संस्थांनी मिळून २२ प्रकारच्या रोबोंच्या हालचालींची नोंद एकत्र करून सगळ्यांना खुली केली. २०२४ मध्ये फिजिकल इंटेलिजन्स या कंपनीचा रोबो ड्रायरमधून कपडे काढून, टेबलावर आणून, त्यांच्या घड्या घालताना दिसला. १४ वर्षांपूर्वी सुट्या टॉवेलपाशी अडखळणारं यंत्र आता शर्ट-पँटपर्यंत आलं होतं.

इथे मात्र जरा दमानं घ्यायला हवं. व्हिडिओ आणि नोकरी यांत साध्या गुणाकाराची दरी असते. कामाच्या दहा पायऱ्या असतील आणि प्रत्येक पायरी शंभरात ९५ वेळा जमत असेल, तर अख्खं काम शंभरात फक्त ६० वेळाच पार पडतं. तासाला ५०० वस्तू उचलणारं यंत्र शंभरात एकदाच चुकलं, तरी दर तासाला पाच वेळा कोणाला तरी धावत जावं लागतं. प्रयोगशाळेत ९५ टक्के म्हणजे टाळ्या, गोदामात ९५ टक्के म्हणजे डोकेदुखी. शिवाय यंत्र आपल्या बुद्धीने चाललंय की पडद्याआड कोणी चालवतंय, हेही व्हिडिओवरून ओळखू येत नाही.

माणसासारख्या दिसणाऱ्या रोबोंच्या बाबतीत ही सावधगिरी दुप्पट हवी. एप्रिल २०२५ मध्ये बीजिंगमध्ये त्यांची अर्धमॅरेथॉन झाली. २१ उतरले, सहा शर्यत पुरी करू शकले. पहिला आलेला 'तिआनगोंग' दोन तास चाळीस मिनिटांत पोहोचला, वाटेत तीनदा बॅटरी बदलून आणि एकदा पडून. सोबत माणसं धावत होती ती वेगळीच. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'दार्पा' या संशोधन संस्थेने घेतलेल्या स्पर्धेत दार उघडतानाच कोसळणारे रोबो ज्यांनी पाहिलेत त्यांना ही झेप केवढी आहे ते कळेल. पण धावणारा रोबो म्हणजे घरकाम करणारा रोबो नव्हे.

जिथे रोबो खरंच पोटापाण्याला लागलाय

सर्वांत जुन्या यशांपैकी एक गोठ्यात आहे. लेली या कंपनीचा दूध काढणारा रोबो नेदरलँड्समध्ये १९९२ पासून कामाला लागला. गाय तिला वाटेल तेव्हा आपणहून आत शिरते, गळ्यातल्या पट्ट्यावरून ती कोण ते ओळखलं जातं आणि हात तिचे सड शोधून नळ्या लावतो. गाय हलते, प्रत्येकीचा बांधा निराळा, तरी काम चालतं. कारण कप्पा अरुंद आहे आणि शोधायची गोष्ट एकच आहे. जग अर्धं आवरलेलं, उरलेलं रोबोने सांभाळलेलं. यशस्वी ठरलेले बहुतेक रोबो याच मधल्या पट्ट्यात सापडतात.

शस्त्रक्रियेतला 'दा विंची' तर स्वतःहून काहीच करत नाही. २००० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सर्जन थोडा दूर बसून हातातल्या दांड्या हलवतो. त्याच्या हाताचा कंप यंत्र गाळून टाकतं आणि हालचाल लहान करून आत पोहोचवतं. गंमत म्हणजे दोन दशकांहून जास्त काळ त्या सर्जनला स्पर्श जवळजवळ कळतच नव्हता. टाका किती ओढला जातोय हे ते ऊतीचा बदलता रंग आणि ताण डोळ्यांनी पाहून ठरवत. जोर हाताला जाणवून देणाऱ्या 'दा विंची ५' या आवृत्तीला मान्यता मिळाली ती २०२४ मध्ये. स्वतः टाके घालणारा रोबोही आहे: जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या 'स्टार'ने डुकराच्या आतड्याची दोन टोकं जोडल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. तो अजून संशोधनातच आहे.

रवांडात २०१६ पासून झिपलाइन या कंपनीचे ड्रोन दूरच्या रुग्णालयांवर रक्ताच्या पिशव्या पॅराशूटने सोडतात. आकाशात गर्दी नसते, ही ड्रोनची मोठीच सोय.

आणि जिथे माणूस जाऊच शकत नाही तिथे रोबोला पर्याय नाही. पृथ्वीवरून मंगळापर्यंत संदेश पोहोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात, म्हणून २०२१ मध्ये तिथे उतरलेली नासाची पर्सिव्हिअरन्स गाडी वाटेतले दगड पुष्कळदा स्वतःच चुकवते. जपानमधल्या फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुभट्ट्यांत मिळून सुमारे ८८० टन वितळलेलं इंधन पडून आहे. त्यातला पहिला कण बाहेर आला नोव्हेंबर २०२४ मध्ये, २२ मीटर लांब सरकत्या दांड्याच्या टोकाने, आणि त्याचं वजन एक ग्रॅमही भरलं नाही. त्याआधी ऑगस्टमध्ये मोहीम थांबवावी लागली होती, कारण दांडा ढकलायचे पाइप माणसांनी चुकीच्या क्रमाने लावले होते. पुढच्या खेपेला कॅमेरे बंद पडले. यंत्र कितीही पुढारलेलं असलं तरी असल्या जागी कामाचा वेग हाच असतो.

नोकऱ्यांचं काय, हा प्रश्न टाळता येत नाही. डॅरन असेमोग्लू आणि पास्कुआल रेस्ट्रेपो या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतली १९९० ते २००७ मधली आकडेवारी तपासली, तेव्हा दर हजार कामगारांमागे एक रोबो वाढला की लोकसंख्येतलं नोकरदारांचं प्रमाण सुमारे ०.२ टक्क्याने आणि वेतन सुमारे ०.४ टक्क्याने घटत असल्याचं आढळलं. परिणाम खरा आहे, पण 'सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार' या आरोळीपेक्षा बराच लहान. तो मोजलेला आहे डोळे मिटून काम करणाऱ्या रोबोंच्या काळात, हेही ध्यानात ठेवावं.

दोन पायांचे रोबो माणसांत मिसळायला आणखी एक अडचण आहे, जिची चर्चा फारशी होत नाही. कारखान्यातल्या यांत्रिक हाताजवळ एक लाल बटण असतं. काही बिनसलं की ते दाबायचं, वीज तुटते, हात जागच्या जागी थांबतो. दोन पायांवरचा रोबो मात्र उभा असतो तोच मोटरी सतत तोल सावरत असतात म्हणून. त्याची वीज तोडली तर तो थांबत नाही, कोसळतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरही कोसळू शकतो. अशा यंत्रांसाठी सुरक्षेचे वेगळे आंतरराष्ट्रीय नियम अजून घडवले जात आहेत. अजिलिटी कंपनीचा दोन पायांचा 'डिजिट' २०२४ पासून अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या एका गोदामात टोपल्या उचलून कन्व्हेयरवर ठेवायचं पगारी काम करतोय, आणि तिथेही त्याची काम करायची जागा माणसांपासून वेगळी राखलेली आहे.